जागा

१९९२ च्या मे महिन्यातली एक दुपार. मिरजेच्या घरात जमिनीवर मांडी घालून मी टेपरेकॉर्डर उघडून बसलो होतो. डिप्लोमाचं पहिलं वर्ष संपलेलं, हातात स्क्रू ड्रायव्हर आला की अंगात येण्याचे दिवस. मावसभावाने मुंबईहून एक कॅसेट आणली होती, कुणाकडून तरी भरून घेतलेली. एका बाजूला हिंदी गाणी आणि दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत नुसतं 'टँजरीन ड्रीम, फेड्रा'. त्यात गाणं नव्हतंच. शब्द नाहीत, तबला नाही, ढोलकी नाही. खालच्या सप्तकात एक सूर ठोक्यासारखा सारखा पळतोय आणि त्याच्या डोक्यावरून वारं वाहावं तसे आवाज येतायत, जातायत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पिठाची गिरण लावलीस का रे?"

मला मात्र ते आवडायला लागलं होतं. आणि मग तो पळणारा सूर जागचा हलला. आधी इतका थोडा की वाटावं आपलाच कान फसला; मग अंमळ जास्त. सूर सरकतोय म्हणजे बेल्ट सैल, हे तेव्हा शेंबडं पोरही सांगू शकत होतं. मी बेल्ट बदलला, हेडला स्पिरिट लावलं, रबरी रोलर पुसला. पुन्हा वाजवली. पुन्हा बरोबर त्याच ठिकाणी सूर हलला. मग निदान बदललं: आपला टेप शहाणा आहे, ज्याने कॅसेट भरली त्याच्या मशीनचा बेल्ट सैल होता. त्या अनोळखी माणसाला मी पुढची पाच-सहा वर्षं मनात शिव्या घातल्या. त्याची इथे माफी मागतो.

खरी गोष्ट अशी होती. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये टँजरीन ड्रीम या समूहातले बर्लिनचे तीन तरुण इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका खेड्यातल्या जुन्या वाड्यात, म्हणजे 'द मॅनर' नावाच्या स्टुडिओत, रेकॉर्डिंग करत होते. एडगर फ्रोझे, ख्रिस्तोफर फ्रांके आणि पीटर बाउमान. फ्रांकेकडे कपाटाएवढा मूग सिंथेसायझर होता. (रॉबर्ट मूग आपल्या आडनावाचा उच्चार 'मोग' असा करायचे. आम्ही मूग गिळूनच बसलो होतो, आम्हाला कोण सांगणार! आणि गोव्याच्या माणसाला 'मोग' म्हटलं की तो वेगळंच काही समजून हसेल.) या कपाटात सिक्वेन्सर नावाचा एक भाग असतो. त्याच्यावर ओळीने बटणं. प्रत्येक बटणाला एक व्होल्टेज ठरवून द्यायचं, आणि मशीन ती व्होल्टेजं एकामागून एक ऑसिलेटरला, म्हणजे सूर काढणाऱ्या सर्किटला, पुरवत राहतं. म्हणजे कुणी न वाजवता सूर पळत राहतात. फ्रांके ते जुळवत होता, बाकीचे दोघं त्यात आपलं काही मिसळत गेले, टेप चालू होता. यंत्रं तापायला लागली तसे ऑसिलेटर आपला सूर सोडू लागले. ते तसंच ठेवलं गेलं. २० फेब्रुवारी १९७४ ला 'फेड्रा' ही तबकडी बाजारात आली आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढली. मी जो दोष दुरुस्त करायला बसलो होतो, तो त्या तबकडीतच होता.

हे कळलं तेव्हा मला आमची कॉलेजची लॅब आठवली. ब्रेडबोर्डवर ट्रान्झिस्टर टोचून ऑसिलेटर बनवायचा, फ्रिक्वेन्सी काउंटरला जोडायचा, वाचन घ्यायचं. वाचन कधी एक येतच नसे, शेवटचे दोन आकडे सारखे पळत असत. ट्रान्झिस्टरला चिमटीत धरलं की पळायचा वेग वाढायचा, कारण बोटांची ऊब त्याला पुरते. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज तापमान वाढलं की दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. आणि मूगच्या पद्धतीत एका सप्तकाला १ व्होल्ट असा हिशोब असतो. तो बारा स्वरांत वाटला तर एका स्वरापासून शेजारच्या स्वरापर्यंत जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. तेव्हा पंधरा-वीस अंशांच्या फरकात स्वराचं काय होईल ते बघा. उष्णतेवर उतारा असलेली सर्किटं असतात, पण त्या काळातल्या कपाटांत तो उतारा अपुराच पडे. आमचे सर जर्नलमध्ये या सगळ्यापुढे लाल पेनने 'ड्रिफ्ट' लिहीत आणि एक मार्क कापत.

मिरजेच्या पोराला हे नवं वाटायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. आमच्या गावात सतारमेकरांची गल्ली आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे दुकानांबाहेर वाळत पडलेले असतात, आणि आत कुणी ना कुणी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत जवारी, म्हणजे तारेला घुमारा देणारा घोडीचा उतार, काढत बसलेला असतो. शाळेतून येताना मी एका दुकानात थांबायचो. तिथल्या चाचांनी मला कधी काही शिकवलं नाही, फक्त हाकललं नाही. ते तारेखाली दोरा सरकवायचे, एक केसभर पुढे, एक केसभर मागे, आणि अचानक त्या एका तारेतून दहा तारा बोलल्यासारखा आवाज फुटायचा. मग अर्ध्या तासाने त्याच तंबोऱ्याकडे बघून म्हणायचे, "उतरला बघ." हवा बदलली, ऊन कललं, तंबोरा उतरला. त्यात त्यांना काही गैर वाटत नसे. पुन्हा खुंटी पिळायची. मार्क कापायला तिथे कुणी नव्हतं.

तर टँजरीन ड्रीम. हा समूह १९६७ साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाला, म्हणजे चारी बाजूंनी भिंत असलेल्या गावात. तो चालवणारा एडगर फ्रोझे ६ जून १९४४ ला टिल्झिटमध्ये जन्मला. त्याच दिवशी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. टिल्झिट तेव्हा जर्मनीच्या पूर्व टोकाला होतं. युद्धानंतर ते सोव्हिएत संघाकडे गेलं, त्याचं सोव्हेत्स्क झालं, आज ते रशियात आहे. आपलं जन्मगाव नकाशावर शोधायचं तर नावही बदललेलं आणि देशही बदललेला. हा माणूस शिकला चित्रकला आणि शिल्पकला. तरुणपणी स्पेनमध्ये साल्वादोर दालीच्या घरी वाजवून आला. १९७० च्या पहिल्या तबकडीत तर सिंथेसायझर नव्हताच. गिटार, चेलो, ऑर्गन आणि गोंगाट. मूग वगैरे नंतर.

त्यानंतर माणसं येत गेली, जात गेली. फ्रांके गेला, बाउमान गेला, योहानेस श्मेलिंग आला आणि गेला, फ्रोझेचा मुलगा जेरोम १९९० मध्ये आला आणि २००६ मध्ये गेला. शंभराच्या वर तबकड्या झाल्या. त्यातल्या कितीतरी मला ऐकवत नाहीत हेही सांगून टाकतो. नव्वदीतल्या काही तर लिफ्टमध्ये लावायच्या लायकीच्या आहेत. पण नाव तेच राहिलं आणि फ्रोझे तोच राहिला. हा समूह कुठे कुठे वाजवून आला ते बघावं. १९७४ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या रीम्स कॅथीड्रलमध्ये: दोन हजारांच्या जागेत पाच हजारांवर माणसं घुसली आणि नंतर चर्चची मंडळी भयंकर संतापली. ३१ जानेवारी १९८० ला भिंतीपलीकडे, पूर्व बर्लिनच्या 'पालास्ट देर रेपुब्लिक'मध्ये, जिथे पश्चिमेकडच्या कुठल्या रॉक बँडला असं सहजी बोलावत नसत. ती भिंत पडली. पुढे तो पालास्टही पाडला. त्या रात्रीची तबकडी आहे, वाजते, आणि तिच्यात ज्या सभागृहाचा घुमारा ऐकू येतो ते सभागृह जगात नाही.

२० जानेवारी २०१५ ला फ्रोझे व्हिएन्नामध्ये गेला. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. मरण असं काही नसतं, फक्त आपला विश्वातला पत्ता बदलतो, असं तो म्हणायचा, आणि समूहाने ती बातमी देताना हेच वाक्य उद्धृत केलं. टिल्झिटमध्ये जन्मलेल्या माणसाने पत्ता बदलण्याबद्दल बोलावं, हे मला जमून आल्यासारखं वाटतं.

मग प्रश्न उभा राहिला तो आपल्याकडे कुठल्याही जुन्या दुकानात उभा राहतो तोच: पाटी ठेवायची की उतरवायची? जेरोमने आपलं मत उघड मांडलं. टँजरीन ड्रीम म्हणजे माझे वडील, ते गेले, तेव्हा टँजरीन ड्रीमही गेलं, अशा अर्थाचं तो बोलला. दुसरीकडे २००५ पासून समूहात असलेला थॉर्स्टन क्वेश्निंग, ज्याच्याकडे फ्रोझेने वारसा दिला असं मानतात, तो आणि जपानी व्हायोलिनवादक होशिको यामाने यांनी काम पुढे न्यायचं ठरवलं. फ्रोझेच्या पत्नी बियांका त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

मी तेव्हा जेरोमच्या बाजूचा होतो. मेलेल्या माणसाच्या नावावर मैफली लावणं मला हिशोबी वाटत होतं. मिरजेत राहून मी असं म्हणावं हे जरा विनोदीच, कारण आमच्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ मध्ये गेले, इथल्या दर्ग्यात त्यांच्या नावाने दरवर्षी गाणं होतं, आणि ज्या भीमसेन जोशींमुळे अर्ध्या महाराष्ट्राला किराणा घराणं हे शब्द ठाऊक झाले, ते खाँसाहेबांचे शिष्य नव्हेत. त्यांनी खाँसाहेबांना ऐकलं ते तबकडीवर, आणि ते ऐकून घर सोडलं. शिकले खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे. पण ही तुलना मी ताणणार नाही. खाँसाहेबांच्या अर्धवट राहिलेल्या ख्यालावर कुणी आपला अंतरा चिकटवला नव्हता.

२०२२ च्या २५ फेब्रुवारीला आलेल्या 'राउम' या तबकडीत मात्र नेमकं तसंच काहीसं केलेलं आहे. क्वेश्निंग, यामाने आणि २०२० मध्ये आलेला पॉल फ्रिक, अशा तिघांनी ती बनवली. फ्रिक हा फ्रोझेला कधीही न भेटलेला पहिला सदस्य. त्यांच्यापुढे दोन ठेवी होत्या. एक, फ्रोझेने क्युबेस या संगणकीय प्रणालीत मांडून ठेवलेल्या रचना. दोन, ओटारी यंत्रावरच्या टेपचा साठा, १९७७ पासून २०१३ पर्यंतची ध्वनिमुद्रणं.

या दोन ठेवींतला फरक मला फार बोलका वाटतो. टेपवर प्रत्यक्ष आवाज असतो. त्या दिवशी त्या खोलीत हवा जशी हलली तशी ती चुंबकीय पट्टीवर उमटलेली असते, खुर्ची करकरली तर तीसुद्धा. क्युबेसच्या मांडणीत बऱ्याच अंशी आवाज नसतो, असतात सूचना: कुठला सूर, कधी दाबला, किती जोरात, कधी सोडला. जोर मोजायला ० ते १२७ पर्यंत आकडे. ती भातखंड्यांच्या स्वरलिपीची वहीच म्हणा ना, फक्त बारकावे जास्त. वहीतली बंदिश गायची तर गळा तुमचाच लागतो. म्हणजे फ्रोझेची बोटं आहेत पण आवाज नाही, आणि टेपमध्ये आवाज आहे पण त्यात आता बोट घालता येत नाही. या दोन्हींच्या मधे तिघांनी बसायचं.

'राउम' या जर्मन शब्दासाठी मी शब्दकोश उघडला. खोली. अवकाश. अंतराळालासुद्धा ते 'वेल्टराउम' म्हणतात. हे सगळं मराठीत एका शब्दात घालायचं तर मला 'जागा' सुचतो, आणि तो सुचल्यावर मी या तबकडीला आतून 'जागा'च म्हणायला लागलो. जागा रिकामी असते. जागा अडवता येते. गेलेल्या माणसाची जागा कोण घेणार, असं आपण विचारतो. आणि गाण्यात 'जागा' म्हणजे दोन सुरांच्या मधली ती नेमकी वळणाची चीज, जी घेतल्यावर बैठकीतला माणूस मान हलवतो. "काय जागा घेतली!" हा अर्थ जर्मन शब्दात नसावा. त्यांचं नुकसान.

तबकडीत सात तुकडे आहेत. सुरुवातीचा 'कंटिन्युअम' पळता आहे, फेड्राच्या वंशातला पण आंघोळ करून, भांग पाडून आलेला. दुसरा 'पोर्टिको' मला सपाट वाटला. गुळगुळीत फरशीवरून चालल्यासारखा. तिसऱ्यापाशी मात्र मी अजून अडकून आहे. 'इन २५६ त्साइखेन', म्हणजे 'दोनशे छप्पन्न चिन्हांत'. सुमारे १९ मिनिटं चालतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला २५६ हा आकडा दिसला की तो आपोआप म्हणतो, आठ बिट. मी म्हटलंच. पण त्याच वेळी तबला ऐकत वाढलेल्या डोक्याने दुसराही हिशोब केला: सोळा गुणिले सोळा. तीनतालाची सोळा आवर्तनं. रचनाकारांच्या मनात यातलं काहीही नसणार, पण मी ऐकताना सम शोधत बसतो आणि ती मला कुठेतरी भलतीकडेच सापडते. त्यात सिक्वेन्सर हळूहळू उगवतो, तळाशी ठोका येतो, आणि यामानेंचं व्हायोलिन असं मिसळलेलं की ते व्हायोलिन आहे हे कळायला दोन-तीनदा ऐकावं लागतं. कुठला धागा मेलेल्या माणसाचा आणि कुठला जिवंत, हे मी पहिल्या चार-पाच वेळा कानाला ताण देऊन शोधलं. मग कंटाळून सोडून दिलं, आणि सोडल्यावर ते आवडलं.

चौथ्याचं नाव मला टोचतं: 'यू आर ऑल्वेज ऑन टाइम'. तुम्ही नेहमीच वेळेवर असता. संगणक असतोच वेळेवर. आता ऑसिलेटर तापला तरी उतरत नाही, कारण तो ऑसिलेटर म्हणजे एक गणित असतं आणि गणिताला ताप येत नाही. हे लोक खरी कपाटंही वापरतात, मान्य, पण एकूण तबकडी सुरात पक्की आहे. कुठे कुठे इतकी पक्की की आमच्या सरांनी पूर्ण मार्क दिले असते. 'फेड्रा' करताना यंत्रांनी इतका छळ केला होता, टेपमशीन बिघडलं, मिक्सर बिघडला, खर्जाने स्पीकर फाटले, की अकरा दिवसांत जेमतेम सहा मिनिटं हाती लागली होती. तसा छळ इथे ऐकू येत नाही. येत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं, हे अर्थात माझ्या वयाचंही दुखणं असेल.

हे सगळं डोक्यात घोळत असताना गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो होतो. चाचा चार वर्षांपूर्वी गेले. दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो. दाराजवळ उजेडाच्या कडेला चाचा बसायचे तिथे आता कुरिअरची खोकी ठेवलेली असतात, तंबोरे पार अमेरिकेत जातात. तो आत, बल्बखाली बसतो. त्याच्या पुढ्यात एक मोठा मर्दानी तंबोरा होता, भोपळ्याचा रंग जुना, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, नवी.

"हा चाचांचा," तो म्हणाला. "म्हणजे भोपळा त्यांनी निवडून कापून ठेवलेला. दांडीपण त्यांनीच तासलेली. तसाच माळ्यावर पडला होता. तबली मी बसवली. जवारी माझी."

"मग हा कुणाचा म्हणून विकणार?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शिकलेली माणसं असलेच प्रश्न विचारतात. "गिऱ्हाइकाचा की, काका. पैसे दिलेत त्यानं."

मग त्याने मोबाइल मांडीजवळ ठेवला, त्यातली सूर दाखवणारी काटी बघत खर्ज लावला, जोड लावली. काटी बरोबर मध्यावर आली. तरी त्याने मान हलवली नाही. मोबाइल पालथा घातला, तारेखाली दोरा थोडा मागे घेतला, डोळे मिटले, आणि पुन्हा छेडला. आता आवाज खोलीभर झाला. चाचांची जवारी याहून गोल असायची, मला आठवतंय. याची जरा धारदार आहे. मी ते बोललो नाही. चहा आला, प्यायलो. निघताना ऊन कललं होतं, आणि आतून त्याचा आवाज आला, "उतरला."

त्या रात्री जुन्या घरात, वरच्या खोलीत, हेडफोन लावून शेवटचा तुकडा ऐकला. त्याचंच नाव 'राउम'. पंधरा मिनिटांचा, घाई नसलेला. आधी नुसता पसरलेला सूर, मग दूरून कुणी जिना चढून यावं तसा सिक्वेन्सर. अंधारात तो जवळ आला, थोडा वेळ खोलीत राहिला. पुढे कुठेतरी, पसरलेल्या त्या सुरांपैकी एक किंचित डळमळला. खरंच डळमळला की मी दुपारपासून तेच शोधत होतो, देव जाणे. मी मागे नेऊन ऐकलं. पुन्हा डळमळला. आणि माझा डावा हात आपोआप उशाशेजारच्या खणात स्क्रू ड्रायव्हर चाचपायला लागला. वाजत होता तो मोबाइल. उघडायला त्याला स्क्रूसुद्धा नव्हता.